सुई अर्धा आटा मागे

१२ जानेवारी

कप्तान आज ऐन गिऱ्हाइकांच्या वेळेला दुकान बंद ठेवून आला, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी विशेष आहे. कप्तान म्हणजे आमच्या विमानमंडळातला न्हावी. तारेला बांधलेलं छोटं विमान गोल गोल उडवताना आजूबाजूच्या सगळ्यांना हुकूम सोडतो, म्हणून कप्तान. त्याने दाढीच्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या टेबलावर ठेवलं आणि मागे सरकून उभा राहिला. आत तान्हं बाळ असावं तसा.

आत इंजिन होतं. मुठीत मावेल एवढं, एरंडेल सुकून काळपट तपकिरी झालेलं. पंखा फिरवून पाहिला तर तसूभर हलेना.

हे त्याच्या दादाचं. दादा तरुणपणी सायकलचे डायनामो बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात लेथवर होता. मालकाला विमानांचं वेड, म्हणून काही वर्षं तिथल्या एका कोपऱ्यात ही छोटी इंजिनं बनली. मग मालक गेला आणि तो कोपराही गेला. हे शेवटचं, दादाने स्वतःसाठी जुळवलेलं. दादा आता ऐंशीच्या पुढे आहे. मार्चमधल्या मेळाव्याला त्याला गाडीत घालून आणायचं आणि त्याच्यासमोर हे चालवायचं, असं कप्तानाच्या मनात आहे.

मी विचारलं, मंडळात एवढे जण असताना मीच का. कप्तान जरा थांबून म्हणाला, माझ्यासारखे हात कुणाचे नाहीत. कानही म्हणायचं असेल त्याला. अख्खी नोकरी मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. लाइनीतली खरखर ऐकून केबलमध्ये पाणी कुठे शिरलंय ते सांगायचो.

ही चहा घेऊन आली आणि अगदी समोर उभी राहून, माझ्या तोंडाकडे बघत, साखर कमी घातलीय असं म्हणाली. हल्ली हिची ही नवीच तऱ्हा आहे. साधं काही बोलायचं तरी हातातलं काम टाकून समोर येते.

१४ जानेवारी

जुन्या इंजिनावर जबरदस्ती करायची नाही. हे नव्या पोरांना कितीदा सांगितलं तरी पटत नाही. पक्कड लावतात आणि मग मोडलेला तुकडा घेऊन माझ्याकडे येतात. कप्तानाच्या दुकानातून केस वाळवायचं यंत्र आणलं, गरम वारा देत बसलो, मधून मधून स्पिरिटचे थेंब. जेवणाच्या वेळेला ही हाक मारून गेली म्हणे. मला काही ऐकू आलं नाही. वाऱ्याचा आवाज होता.

दुपारी पंखा केसभर हलला. मग आणखी जरा. मग एकदम, झोपेतून कूस बदलावी तसा, पूर्ण फिरला.

उघडून कापडावर मांडलं आणि बघतच राहिलो. पिस्टनला रिंग नाही, काही नाही. नुसतं पोलाद पोलादावर घासून बेतलेलं. सिलिंडर सरळ धरून वरून अंगठ्याने बंद केला तर पिस्टन तिथल्या तिथे राहतो. अंगठा काढला की सावकाश, घाई नसल्यासारखा खाली येतो. एवढ्या वर्षांनी. आतल्या बाजूला, जिथे इंजिन उघडल्याशिवाय कुणाची नजर पोचायची नाही, तिथेसुद्धा वायूचा मार्ग आरशासारखा चकाकवलेला आहे. कुणासाठी केलं असेल हे दादाने? एकच नाजूक भाग: पिस्टनला पंख्याच्या दांड्याशी जोडणारा कनेक्टिंग रॉड. सुंदर आहे, पण काडीसारखा बारीक.

माझ्या फळीवर बरीच इंजिनं आहेत. सगळी जुनी, सगळी चालती. पण हे पाहिल्यावर बाकीची उगाच जाडजूड वाटायला लागली.

२० जानेवारी

फोन बिघडलाय. लेकीचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो. फोन खोलून सगळा तपासला, दोष सापडला नाही. हिने घेतला तर हिला म्हणे स्वच्छ ऐकू येतं. मी सांगितलं, दोष अधूनमधून येणारा आहे, असे दोष सगळ्यात वाईट.  ही मग लेकीशी बराच वेळ हळू आवाजात बोलत बसली.

२७ जानेवारी

आज चाललं!

मागच्या अंगणात लाकडी ठोकळ्यावर जखडलं. इथर, रॉकेल आणि एरंडेल सारख्या मापाने घेऊन इंधन केलं. या जातीच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही. आतल्या दाबानेच इंधन पेटतं. वरचा स्क्रू पिळून दाब कमीजास्त करायचा, बाजूची सुई आटे देत आतबाहेर फिरवून इंधन कमीजास्त करायचं, आणि या दोघांचं जमवून द्यायचं. ते कानाने. सुई मोकळी असली तर इंजिन ओलं, जाड बोलतं. आत घेत गेलं की स्वर चढतो, मोकळा होतो. तिथे थांबायचं आणि अर्धा आटा मागे यायचं. त्या अर्ध्या आट्यात इंजिनाचं आयुष्य असतं.

पंख्याला बोटाने बरेच फटके मारले. दोनदा त्याने उलटा फटका दिला, नख काळं पडलंय. मग एकदम धरलं. निळसर धूर, इथरचा तो गोड वास, आणि ठोकळा हाताखाली थरथरायला लागला. मला दादाचा हातच हातात आल्यासारखं वाटलं.

स्वर मात्र हवा तसा चढला नाही. म्हातारं आहे, छातीत दम कमी असणार. सुई आणखी आत घेतली, तरी फरक नाही.

ही स्वयंपाकघराच्या खिडकीशी शिलाईच्या मशीनवर बसलेली असते. लोकांचे कपडे आखूड-लांब करून देते. तिने खिडकीतून डोकं काढून काहीतरी म्हटलं आणि हाताने खुंटी पिळल्यासारखं केलं. बंद करा म्हणत असणार. मी हात जोडून, जरा थांब, असं सांगितलं. ती मानेनेच नाही नाही करत आत गेली. आवाजाचा त्रास होतो तिला, मान्य आहे. पण दादाचं इंजिन रोज थोडंच चालणार आहे.

११ फेब्रुवारी

हिने दारावरची घंटा बदलून घेतली. आता घंटेबरोबर बाहेरच्या खोलीत लाल दिवा लागतो. हॉस्पिटलात आल्यासारखं वाटतं. कशाला हवं होतं, विचारलं, तर म्हणाली, मला मशीनच्या आवाजात घंटा ऐकू येत नाही. तिचेही कान गेले म्हणायचे. तपासून घे, असं मी सुचवलं. ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली की दोघं जाऊ. मला कशाला?

२३ फेब्रुवारी

कप्तान इंजिन ऐकायला आला. त्याचं म्हणणं, फार तापतंय, सुई जरा मागे घे. मी त्याला समजावलं की इंजिन जुनं आहे, दम धरायला वेळ लागतो. त्याने हिच्याकडे पाहिलं. ही कपड्यातली टाचणी काढत होती, तिने वर बघितलं नाही. मग कप्तान म्हणाला, “तू म्हणशील तसं.” शहाणा माणूस आहे. दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करत नाही.

९ मार्च

मोडलं.

आज लिहिता येणार नाही.

१० मार्च

लिहून टाकलेलं बरं.

बंद गोदामाच्या सिमेंटच्या आवारात मेळावा होता. दादांना पुढच्या खुर्चीत बसवलं होतं, पायांवर शाल. कप्तानाने सगळ्यांना सांगितलं की हे कुणाचं इंजिन आहे. दादांनी फक्त मान हलवली. ते इंजिनाकडे असे बघत होते, जसं गर्दीत ओळखीचं माणूस दिसावं आणि हाक मारावी की नाही ते ठरू नये.

पहिल्या काही फटक्यांत धरलं. मी सुई आत घेतली. स्वर चढेना. आणखी घेतली. मागे कुणीतरी हात हलवत होतं. मला वाटलं, शाबासकी देताहेत. दम नाही म्हणून वरचा स्क्रू पिळला, दाब वाढवला. धूर काळा झाला. मी काळा धूर डोळ्यांनी पाहिला आणि तरीही कानावर विसंबून राहिलो. कप्तान धावत येताना दिसला, त्याचं तोंड उघडं होतं. तेवढ्यात ठोकळ्याला आतून एक धक्का बसला आणि पंखा जागच्या जागी थांबला.

रॉड मोडला होता.

 दादांनी हात पुढे केला. मी इंजिन त्यांच्या हातात दिलं, ते अजून चटका बसेल इतकं गरम होतं. त्यांनी शालीच्या टोकात ते धरलं आणि निवेपर्यंत तसंच धरून बसले.

१५ मार्च

इंधन खराब असणार. इथर जुनं होतं. नाहीतर असं होणं शक्य नाही.

कप्तान आलेला नाही.

हिला इंधनाचं सांगितलं. ती समोर येऊन बसली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, “इंधनाचं काही नव्हतं हो.” पुढेही बरंच बोलली. मी रागाने उठून अंगणात गेलो. त्यातलं किती ऐकलं आणि किती नाही, सांगता येत नाही.

१९ मार्च

केस वाढले होते, आणि कप्तानाला तोंड दाखवायचं कधीतरी होतंच. म्हणून दुकानात गेलो. त्याने मला खुर्चीत बसवलं, कापड गुंडाळलं, गालाला साबण लावला. मग वस्तरा हातात घेऊन तो माझ्या समोर आला, आरशाच्या आणि माझ्या मधे, आणि प्रत्येक शब्द सुटा करत बोलला.

“तुला ऐकू येत नाही. आजचं नाही हे. आम्ही सगळे तुझ्याशी ओरडून बोलतो आणि तुला वाटतं आम्ही खुशीत आहोत.”

गळ्याशी वस्तरा असल्यावर माणूस वाद घालत नाही. मी एवढंच विचारलं, मग इंजिन माझ्याकडे का दिलंस.

म्हणाला, खोलणं, सोडवणं, जुळवणं हे तुझ्याइतकं कुणाला जमत नाही, म्हणून. आणि चालवायचं दुसऱ्याला दिलं असतं तर तुला कारण सांगावं लागलं असतं. ते धैर्य माझ्यात नव्हतं. रॉड मोडला तो जितका तुझ्यामुळे, तितकाच माझ्या भिडेमुळे.

मग त्याने माझी दाढी केली. इतक्या हलक्या हाताने कधीच केली नव्हती.

घरी आल्यावर मी ही वही पहिल्यापासून वाचली. लाल दिवा, फोन, हाताने खुंटी पिळणं. ती बंद करा म्हणत नव्हती. सुई मागे घ्या म्हणत होती.

२४ मार्च

तपासणी झाली. काचेच्या छोट्या खोलीत बसवतात, कानांवर यंत्र लावतात आणि हातात बटण देतात. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला जाडे आवाज आले, मी झटपट दाबले. मग शांत झालं. मी वाट पाहिली. काचेपलीकडे तपासणाऱ्या बाई आकडे लिहीत होत्या. शेवटी मी खूण करून विचारलं, पुढचं कधी सुरू करणार. त्यांनी दार उघडलं आणि सांगितलं की पुढचं झालं.

बारीक, उंच आवाज गेलेत. इंजिनांनी नेलेत, बहुतेक. जो स्वर चढायची मी वाट बघत होतो, तो प्रत्येक वेळी चढत होता. मीच त्याच्या खाली उभा होतो.

बाहेर ही बाकावर बसली होती. कागद तिच्या हातात दिला. तिने न वाचताच घडी घालून पर्समध्ये ठेवला.

६ एप्रिल

कानांत यंत्रं बसली. वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी कढईत काही तळल्यासारखा आवाज येतो. लेकीशी फोनवर बोललो. तिचा आवाज तिच्या आजीसारखा झालाय, हे मला माहीतच नव्हतं. ती मधेच गप्प झाली. मी विचारलं, लाइन गेली का. नाही बाबा, म्हणाली, मी इथेच आहे.

पण इंजिनाजवळ ही यंत्रं चालणार नाहीत. उरलेसुरले कान वाचवायचे असतील तर कारखान्यात घालतात तशी जाड झाकणं कानांवर लावायची, असं बाईंनी बजावलंय. म्हणजे चालवता येईल, ऐकता येणार नाही. मग कशासाठी चालवायचं?

१३ एप्रिल

कप्तानाबरोबर दादांकडे गेलो. काय बोलायचं ते वाटेत घोकत होतो, पण त्यांनी बोलूच दिलं नाही. मोडक्या रॉडचे तुकडे बशीत काढून ठेवले होते. म्हणाले, हा असाच मोडायचा होता. वजन वाचवायच्या हौसेपायी त्यांनी तेव्हा तो वाजवीपेक्षा बारीक केला होता आणि मालकाने तोंडावर सांगितलं होतं की हा टिकणार नाही. “मी त्याला म्हटलं, टिकेल. हट्टी होतो. तुझ्यासारखाच.”

मी नवा करून देतो म्हणालो. कान नसले तरी कानस चालवता येते. दादांनी जाडी किती ठेवायची ते बोटांच्या चिमटीत दाखवलं.

२६ एप्रिल

रॉड तयार झाला. दोनदा बिघडला, तिसरा जमला. घासताना एक गोष्ट लक्षात आली. मूळ रॉडच्या दोन्ही कडा दादांनी हाताने गोल केल्या होत्या, आणि कुठेही कानशीची एक रेघ नव्हती. मी बरीच खटपट केली, माझ्या रॉडवर दोन रेघा राहिल्याच. त्यांचं काम कळायला मला तेच काम करावं लागलं.

जोडलं, फिरवून पाहिलं. पंखा लोण्यातून फिरावा तसा फिरतो. कप्तानाला निरोप पाठवला की घेऊन जा, चालवायला दुसरा कुणी बघ. आणि फळीवरची इंजिनं पुसून खोक्यात भरायला घेतली.

ही दारात उभी होती. काय चाललंय, तिने विचारलं. मी म्हणालो, मंडळाला देऊन टाकतो. मुकी इंजिनं फळीवर ठेवून काय करायचं?

ती आत आली आणि मी आजपर्यंत तिला जे करताना पाहिलं नव्हतं ते तिने केलं. खोक्यातून एक इंजिन उचललं आणि म्हणाली, हा खोकल्या. पहिल्या तीन फटक्यांत नुसता खोकतो आणि मग असा धरतो की दिवसभर चालेल. दुसरं उचललं. हा रडका, थंडीत याचा सूर कधी लागत नाही. आणि ती लाल डोक्याची तुमची लाडकी, ती गरम झाली की बारीक शीळ घालते, तुम्ही अलीकडे तिला शीळ घालूच देत नाही, त्याआधीच पिळता. मी पाहत राहिलो. फळीवरच्या प्रत्येकाला तिने नाव दिलेलं होतं. खिडकीशी बसून, कुणाची तरी पँट आखूड करत, माझं प्रत्येक इंजिन तिने पहिल्यापासून ऐकलं होतं. आणि मी समजत होतो तिला त्रास होतो.

मी विचारलं, “कधी बोलली नाहीस?”

“तुम्ही विचारलं नाहीत,” ती म्हणाली. “आणि मला ऐकायला आवडायचं. बोलत बसले असते तर ऐकलं कधी असतं?”

२८ एप्रिल

हिच्याबरोबर खुणा ठरवल्या. हात वर: सुई आत. हात आडवा: तिथेच थांबा. हात खाली: मागे या. खोकल्या इंजिनावर सराव केला. ही आधी संकोचत होती, शेजारचे बघताहेत म्हणाली. मग विसरली.

माझ्या उमेदीतल्या कानांपेक्षा हिचा कान चांगला आहे. हे लिहायला जड जातं, पण खरं आहे. मी सुईला अंदाजाने हात लावायचो, ही नेमकं कुठे ते सांगते.

४ मे

अंगणात मोजकीच माणसं. दादा खुर्चीत, कप्तान त्यांच्या मागे, गिऱ्हाइकाच्या मागे उभा राहतो तसा. ही माझ्या समोर, ठोकळ्याच्या पलीकडे, पदर खोचून.

मी कानांतली यंत्रं काढून खिशात ठेवली, जाड झाकणं लावली. सगळं जग कापसात गेलं. पंख्याला फटका मारला, मग आणखी. धरलं ते मला ठोकळ्याच्या थरथरीतून कळलं आणि हिच्या भुवया वर गेल्या त्यातून.

तिचा हात वर. मी सुई आत घेतली. वर. आणखी घेतली. हात तसाच वर राहिला आणि मला पूर्वीसारखी घाई झाली, पण मी तिच्या बोटांवरची नजर काढली नाही. मग तिचा हात सावकाश आडवा झाला आणि किंचित खाली आला. मी अर्धा आटा मागे घेतला. वरचा स्क्रू तिने केसभर सैल करायला लावला. हाताखालची थरथर एकदम बारीक आणि एकसारखी झाली, ताणलेल्या तारेसारखी. जानेवारीपासून ती मला एकदाही लागली नव्हती.

दादांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते. नंतर कप्तानाने सांगितलं की ते मालकाचं नाव घेऊन काहीतरी म्हणत होते, काय ते त्यालाही कळलं नाही.

टाकी संपत आली की या इंजिनांचा स्वर शेवटी एकदा उंच चढतो आणि मग तुटतो. तो स्वर आता मला कधीच ऐकू यायचा नाही. पण मी हिच्याकडे बघत होतो. तिचा चेहरा हळूहळू वर उचलला गेला, श्वास थांबला, डोळे मोठे झाले. आणि मग पंखा थांबला.

मी कानांवरची झाकणं काढेपर्यंत तिने इंधनाची बाटली उघडली होती.